लक्ष लागणे आणि लक्ष देणे

श्रोतेहो, 14 जानेवारीस सुरत शहरातील सारी माणसे घराच्या छपरावर असतात असे म्हटले, तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सकाळपासून आकाश पतंगांनी भरून जाते, गच्चीगच्चीवर फिरक्या फिरत असतात, आणि कुणाचा पतंग कापला गेला की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरोळी उठते. वीस वर्षांपूर्वीच्या अशाच एका उत्तरायणाच्या दिवशी मी उधना भागात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. शेजारच्या गच्चीवर माझ्या वर्गातला एक मुलगा उभा होता. वय दहा वर्षांचे. हा मुलगा वर्गात पाच मिनिटे एका जागी बसत नसे. त्याची वही नेहमी अर्धी, पेन्सिल नेहमी हरवलेली, आणि प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर त्याच्या ओठांवर. तोच मुलगा त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात उभा होता. वाऱ्याचा कल पाहून तो ढील देत होता, क्षणात खेच घेत होता. पाणी पिण्यासाठीसुद्धा तो खाली उतरला नाही.

पुढल्या आठवड्यात त्याची आई शाळेत आली. मी तिला म्हणालो, "ताई, तुमच्या मुलाला लक्ष देता येत नाही असे नाही. त्याला ते द्यायचेच नाही." ती बाई काही बोलली नाही. घरी मुलाला मार बसला हे दुसऱ्या दिवशी त्याच्या हातावरच्या वळांवरून मला कळले. माझे ते वाक्य मी अद्याप विसरलेलो नाही, कारण ते चुकीचे होते. ते का चुकीचे होते हे सांगण्यासाठीच आजचे हे भाषण आहे.

आपल्या मराठी भाषेने या विषयाचे अर्धे काम आधीच करून ठेवले आहे. आपण म्हणतो, "गाण्यात माझे लक्ष लागले." आणि आपणच म्हणतो, "अभ्यासात लक्ष दे." लागणे आणि देणे ही दोन क्रियापदे वेगळी आहेत, आणि त्यांच्यामागच्या क्रियाही वेगळ्या आहेत. लक्ष लागते तेव्हा आपल्याला काही करावे लागत नाही. ती वस्तूच मनाला ओढून घेते. लक्ष देताना मात्र मनाला त्याच्या आवडीच्या वाटेवरून परत आणावे लागते, कंटाळवाण्या कामाजवळ बसवावे लागते, आणि ते पुन्हा उठू लागले की पुन्हा बसवावे लागते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांपाशी अवधान मागितले आहे. परंतु मागितलेली वस्तू तोच देऊ शकतो, ज्याच्या हाती ती असते. काही मुलांच्या बाबतीत ती त्यांच्या हाती पुरतेपणी आलेलीच नसते.

या अवस्थेला आज वैद्यकात एडीएचडी असे नाव आहे. अवधानाची उणीव आणि अतिचंचलता, असा त्याचा अर्थ. नाव 1987 सालचे असले तरी मूल जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील हाइनरिख हॉफमन या डॉक्टराने मुलांसाठी एक चित्रमय पुस्तक लिहिले. त्यात जेवणाच्या टेबलाशी खुर्ची डोलवता डोलवता अंथरलेल्या कापडासह सारे ताटवाट्यांचे सामान खाली ओढणारा फिलिप नावाचा एक मुलगा आहे. पुढे 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांविषयी तीन व्याख्याने दिली. ही मुले बुद्धीने कमी नसतात, हे त्याने स्पष्टपणे नोंदविले. तथापि त्याने या दोषाला नैतिक संयमाची उणीव असे म्हटले. म्हणजे जी चूक मी सुरतेत केली, तिच्यासारखेच काहीसे शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या विद्वानांच्या सभेत बोलले गेले होते. त्यात मला समाधान वाटते असे मात्र नाही.

या विषयातले एक मोठे वळण शिक्षकांच्या नजरेमुळे आले, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील ईस्ट प्रॉव्हिडन्स या गावी मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर काम करीत होते. तेथील मुलांच्या मेंदूची क्षकिरण-चित्रे घेताना पाठीच्या कण्यातील पाणी काढावे लागे आणि नंतर मुलांचे डोके फार दुखे. त्यावर उपाय म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही, परंतु त्या रुग्णालयातील शाळेत निराळेच काही घडले. जी मुले एका जागी बसत नव्हती ती गणिते सोडवू लागली. मुलांनी त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असे नाव दिले. 1937 साली ब्रॅडलींनी 30 मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्यांतील 14 मुलांच्या शालेय कामात लक्षणीय फरक पडला होता असे नमूद केले. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हे कोडे त्या काळी कोणालाच उलगडले नाही.

ते उलगडायचे तर मेंदूत डोकावले पाहिजे. हान्स बेर्गर या जर्मन डॉक्टराने 1924 साली डोक्याच्या कातडीवर तारा लावून मनुष्याच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम नोंदविल्या. त्यानंतरच्या शतकात चुंबकीय चित्रणासारखी अनेक साधने आली, आणि आज मूल जागे असताना, एखादे काम करीत असताना त्याच्या मेंदूतील कोणता भाग किती राबतो आहे हे पाहता येते. या साऱ्या अभ्यासांतून ज्या गोष्टी पुढे आल्या, त्यांतील तीन मी आपणांस सांगणार आहे.

पहिली गोष्ट वाढीची. मनाला आवरण्याचे, थांबण्याचे आणि पुढचा विचार करण्याचे काम मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. मेंदूच्या बाहेरच्या सालीला कॉर्टेक्स म्हणतात. बालपणी ही साल जाड होत जाते, आणि एका विशिष्ट वयाला कमाल जाडी गाठून मग हळूहळू पातळ होऊ लागते. अमेरिकेतील फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेली 223 मुले आणि नसलेली 223 मुले यांच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेऊन 2007 साली त्यांची तुलना प्रसिद्ध केली. सर्वसाधारण मुलांत या सालीचा निम्मा भाग सुमारे साडेसात वर्षांच्या वयाला ती कमाल जाडी गाठतो. एडीएचडी असलेल्या मुलांत तेच वय सुमारे साडेदहा निघाले. हे अंतर कपाळामागच्या भागात विशेष दिसले. उलट शरीराची हालचाल चालविणारा भाग मात्र या मुलांत किंचित आधीच पक्व झालेला आढळला. घोडा तयार झाला आहे आणि सारथी अजून लहान आहे, अशी ही स्थिती होय. वाढीचा क्रम तोच आहे, वाट तीच आहे, परंतु एका महत्त्वाच्या भागाला उशीर झाला आहे.

दुसरी गोष्ट मनाच्या भटकण्याची. आपण काही न करता स्वस्थ बसलो की मेंदू स्वस्थ बसत नाही. झाल्यागेल्या गोष्टी, उद्याचे बेत आणि दिवास्वप्ने यांचे एक वेगळे जाळे मेंदूत जागे होते. मार्कस रेचल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 2001 साली मेंदूच्या या विसाव्यातील कामाकडे साऱ्यांचे लक्ष वेधले. काम सुरू झाले की हे जाळे शांत व्हावे आणि कामाचे जाळे पुढे यावे, असा नियम आहे. एडीएचडी असलेल्या अनेक मुलांत हे विसाव्याचे जाळे पुरेसे शांत होत नाही असे दिसते. घंटा होऊन तास सुरू झाला तरी पटांगणावरचा गलका थांबू नये, तसे हे आहे. मूल फळ्याकडे पाहत असते, परंतु त्याच्या आतला गलका चालूच असतो. मग आपण विचारतो, "मी आता काय सांगितले?" आणि ते गोंधळून आपल्याकडे पाहते.

तिसरी गोष्ट गोडीची. मेंदूच्या गाभ्यात काही भाग असे आहेत, की कोणते काम करण्याजोगे आहे याचा कौल ते देतात. या कौलासाठी मज्जापेशी ज्या रसायनांचा उपयोग करतात, त्यांपैकी डोपामिन हे प्रमुख होय. एडीएचडी असलेल्या मुलांत या व्यवस्थेचे काम वेगळ्या रीतीने चालते, आणि त्याचा व्यवहारातला परिणाम असा, की दूरच्या फळाची गोडी त्यांच्या बाबतीत फार लवकर विरून जाते. सहामाही परीक्षेतले गुण, वडिलांनी दिवाळीला कबूल केलेली सायकल, या गोष्टी इतर मुलांना जेवढे ओढतात तेवढे या मुलांना ओढीत नाहीत. हाताशी असलेले, आत्ता मिळणारे फळ मात्र त्यांना जोराने खेचते.

आता पुन्हा त्या गच्चीकडे वळू. पतंग उडविणाऱ्या मुलाला त्याच्या प्रत्येक हालचालीचे उत्तर त्याच क्षणी मिळत असते. दोरी खेचली की पतंग वर चढतो, ढील दिली की पुढे सरकतो, चूक झाली की कापला जातो. येथे मनाला धरून ठेवण्याची गरजच पडत नाही, प्रत्येक क्षण त्याला नव्याने धरीत असतो. भागाकाराच्या गणितात तसे काही नसते. म्हणजे पतंगात त्या मुलाचे लक्ष लागले होते. गणितात ते त्याने द्यावयाचे होते, आणि देणारा हातच अजून दुबळा होता. पतंग हा त्याच्या आळसाचा पुरावा आहे असे मी समजलो होतो. वास्तविक तो त्याच्या अडचणीचा पुरावा होता.

ब्रॅडलींच्या कोड्याचा उलगडाही यातूनच होतो. आज या मुलांसाठी जी उत्तेजक औषधे वापरली जातात, त्यांत मेथिलफेनिडेट हे प्रमुख आहे. ते डोपामिन आणि तत्सम रसायने मज्जापेशींच्या सांध्यांत अधिक वेळ टिकवून ठेवते. त्यामुळे घोडा थकत नाही, तर सारथ्याच्या हाताला बळ येते. मूल गुंगीत जात नाही. ते स्वतःला आवरू शकते, एवढेच.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. मी सांगितलेले हे सारे निष्कर्ष शेकडो मुलांच्या सरासरीचे आहेत. एका मुलाच्या मेंदूचे चित्र किंवा त्याच्या लहरींचा आलेख पाहून त्याला एडीएचडी आहे की नाही हे आजही ठरविता येत नाही. त्या मुलाच्या वागणुकीचा इतिहास नीट ऐकूनच ते ठरते. ही लक्षणे बारा वर्षांच्या वयाआधी दिसू लागली आहेत काय, ती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली आहेत काय, शाळेत दिसतात तशी घरीही दिसतात काय, आणि त्यांमुळे मुलाचे खरोखर नुकसान होते आहे काय, हे डॉक्टर विचारतात. म्हणून केवळ मस्तीखोर मुलावर हा शिक्का मारणे जितके चूक, तितकेच खऱ्या गरजू मुलाला ढ म्हणून बाजूला सारणेही चूक आहे.

लक्ष न लागण्याची दुसरी कारणेही पुष्कळ असतात, आणि ती आधी तपासली पाहिजेत. मुलाला कमी ऐकू येत असेल, फळा दिसत नसेल, अंगात रक्त कमी असेल, तर तेही चुळबुळ करील. सुरतेच्या कापडमागांवर बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात. एका खोलीच्या घरात रात्रपाळीहून आलेला बाप झोपायला येतो आणि दिवसपाळीचा काका उठतो, तेथे मुलाची झोप किती होत असेल याचाही विचार केला पाहिजे. भाषेचा प्रश्न तर आपल्या शहरात रोजचाच आहे. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. खानदेशातून आलेले मूल घरी अहिराणी बोलते, गल्लीत गुजराती आणि वर्गात पुस्तकी मराठी ऐकते. ते भांबावले तर त्यास रोग म्हणता येणार नाही.

वयाचेही तसेच. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे वर्षाच्या अखेरच्या दिवशी शाळाप्रवेशाचे वय मोजतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांवर एडीएचडीचा शिक्का 30 टक्क्यांनी अधिक बसला होता, आणि मुलींच्या बाबतीत तर 70 टक्क्यांनी. केवळ वयाने लहान असलेल्या मुलाच्या बालिशपणालाच कित्येकदा रोग समजले गेले होते. आपल्याकडे शाळेत लवकर घालण्याची घाई करणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या बाजूने, ज्या मुली धावपळ करीत नाहीत, खिडकीबाहेर पाहत गप्प बसून राहतात, त्यांच्यातील अवधानाची उणीव आम्हा शिक्षकांच्या ध्यानातच येत नाही. त्या आम्हाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांना त्रास नाही असे आम्ही समजतो.

जगभरातील पाहण्यांचा मेळ घातला तर शंभरांत सुमारे पाच मुले या अवस्थेची असतात. म्हणजे चाळिसांच्या वर्गात दोन. मग शिक्षकाने करावे काय? माझा अनुभव असा, की साध्या गोष्टींनी पुष्कळ साधते. अशा मुलाला खिडकीपासून आणि दारापासून दूर, पहिल्या बाकावर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती त्याच्या डोळ्यांकडे पाहून द्यावी. दहा गणिते एकदम न देता तीन द्यावीत, ती तपासून लगेच शाबासकी द्यावी, मग पुढची तीन द्यावीत. दूरचे फळ त्याला दिसत नाही, म्हणून फळ जवळ आणावयाचे, हेच यातील तत्त्व. तासाच्या मध्यावर त्याला खडू आणण्यास किंवा वह्या वाटण्यास उठवावे. त्याला हलावे तर लागणारच आहे, मग ते हलणे कामाचे का नसावे? घरी आईबापांनीही हेच करावे. दप्तर भरण्याची चित्रांची यादी भिंतीवर लावावी, आणि दहा चुकांपैकी नऊंकडे दुर्लक्ष करून एका चांगल्या गोष्टीचे त्याच क्षणी कौतुक करावे. अगदी लहान मुलांच्या बाबतीत, सहा वर्षांच्या आत, आईबापांना असे वळण शिकविणे हाच पहिला उपाय मानला जातो. मोठ्या मुलांना औषधाची गरज आहे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. भूक मंदावणे, झोप उशिरा येणे असे त्याचे परिणामही असतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज कधीही देऊ नये.

मार हा मात्र उपाय नव्हे. 2009 सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलास मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंसही बंदी केली आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी विचार करून पाहा. ज्याचा सारथी लहान आहे, त्याच्या घोड्याला चाबूक मारून काय साधणार?

मदत फार दूर नाही, हेही सांगितले पाहिजे. 2013 सालच्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथे झाला. मी वसईचा, सुरतेहून गावी जाताना गाडी पालघरवरूनच जाते, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांत ज्या तीस विकारांचा शोध घ्यावा असे या कार्यक्रमात ठरले, त्यांत एडीएचडीचे नाव आहे. शाळेत तपासणीसाठी पथक येते, तेव्हा शिक्षकाने आपल्या मनातली शंका त्यांना स्पष्टपणे सांगावी. सुरतेत नव्या सिव्हिल इस्पितळात आणि महानगरपालिकेच्या स्मीमेर इस्पितळात बालरोग व मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. मानसोपचार या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मुलाला चष्मा लागला तर आपण डोळ्यांच्या डॉक्टराकडे जातोच.

शेवटी त्या मुलाविषयी. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. गेल्या जूनमध्ये तो आपल्या मुलाचे नाव घालण्यासाठी शाळेत आला होता. रिंग रोडवरच्या कापडबाजारात तो आता टेम्पो चालवितो. मुलगा त्याच्या हाताला झोंबत होता, टेबलावरचा शिक्का उचलून पाहत होता. तो मला म्हणाला, "सर, हा माझ्यावर गेलाय. याला मारू नका. दहा वेळा सांगावं लागेल, पण ऐकतो." ही अवस्था बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, हे आता सिद्ध झाले आहे. त्याला ते कोणी शिकविले नव्हते. मी त्याला बसवून घेतले आणि आज आपणांस जे सांगितले ते त्याला माझ्या परीने सांगितले, इस्पितळाचा पत्ता लिहून दिला. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि थोड्या वेळाने विचारले, "म्हणजे सर, मी ढ नव्हतो?"

मी म्हणालो, "नव्हतास. मीच चुकलो होतो."

श्रोतेहो, आपल्या घरात किंवा आपल्या वर्गात असे एखादे मूल असेल, तर हे उत्तर त्याला वीस वर्षांनी मिळू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.